घागर पातीच्या टोकाला ठेवा

(उन्हाळ्याच्या तोंडावर झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, वीजबिलावर बोलून झाले. पीकविम्याच्या वेळी तर अध्यक्षांना दोनदा टेबल वाजवावे लागले. आता आमच्याकडे जो विषय आला आहे तो ऐकून मागच्या रांगेतली चार मंडळी तंबाखू मळत बाहेर निघाली, तेही आम्ही पाहिले. विषय पाण्याचा आहे. धरणाच्या पाण्याचा नव्हे, पाटाच्या नव्हे, पाणलोटाच्याही नव्हे. तांब्यातले पाणी, तोंडाने प्यायचे.

हसा खुशाल. पाणी प्या म्हणून सांगायला जिल्ह्याची बैठक कशाला लागते? तहान लागली की माणूस पितो, ढोरसुद्धा पिते. असे कोणी म्हणाले तर त्याचे निम्मे खरे आहे. ढोर पिते. माणूस पीत नाही. सगळा विषय एवढाच आहे, आणि त्याचा हिशेब आज मांडायचा आहे.

वखर सोडल्यावर आपण पहिल्यांदा काय करतो? बैल सावलीला बांधतो, त्याचा दम जिरू देतो, मग हौदावर नेतो. त्याने तोंड बुडवले की नाही, किती वेळ बुडवले, याकडे धन्याचे बारीक लक्ष असते. बैल अर्धवट पिऊन मान वर करू लागला की आपण शीळ घालतो. शीळ ऐकली की तो पुन्हा मान खाली घालतो. ही शीळ बापाने शिकवली, त्याला त्याच्या बापाने. बैल दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो ते आपल्याला न मोजता माहीत असते. पण त्याच वखरामागे त्याच उन्हात त्याच्याइतकेच कोस चाललेला धनी किती प्याला? त्याला कोणी शीळ घातली? तो घरी येतो, अर्धा तांब्या पितो, अर्धा तोंडावर मारतो, आणि चहा ठेव म्हणून सांगतो.

तहान उशिरा येते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याला वाळवंटात लढायचे होते. माणसाला उन्हात पाणी किती लागते हे शोधायचे काम रोचेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅडॉल्फ नावाच्या शास्त्रज्ञाकडे गेले. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जवानांना चालवले, घाम मोजला, पाणी मोजले, आणि १९४७ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात जे निघाले ते आपल्या कामाचे आहे. पाणी समोर असूनही, कोणी अडवत नसूनही, काम करणारा माणूस गेलेल्या घामाइतके पाणी पीत नाही. थोडे पिऊन त्याची तहान भागते आणि तो उठतो. राहिलेली तूट तो जेवताना, विसाव्याला, रात्री भरून काढतो. गाढवाचे तसे नाही. वाळवंटातून आलेले गाढव जेवढे पाणी गमावले तेवढे काही मिनिटांत पिऊन मोकळे होते. म्हणजे या एका बाबतीत गाढव शहाणे, हे विज्ञानाने सिद्ध झालेले आहे. बाकीच्या बाबतींतले आम्ही बोलत नाही.

उन्हात कष्टाचे काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे घाम ओघळताना दिसत नाही, निघाला की वाळतो. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाची पांढरी नक्षी उठते, ती त्याची पावती. पन्नास किलोच्या माणसाचे लिटरभर पाणी गेले म्हणजे वजनाच्या शंभरात दोन भाग गेले. एवढ्यात हात मंदावतो, डोके जड होते, चिडचिड सुरू होते. आणि बहुतेकांना तहानेची खरी जाणीव होते ती या टप्प्याच्या आसपास. म्हातारपणी तर ती आणखी बोथट होते. साठीपुढचा माणूस दिवसभर राखणीला बसून दोन पेल्यांवर काढतो आणि म्हणतो, मला तहानच नाही. त्याचे खोटे नाही. त्याला ती कळत नाही.

ज्याला विश्वास बसत नसेल त्याने करून पाहावे. कापूस मोजायचा काटा पुष्कळांच्या घरी आहे. सकाळी शेतात निघताना स्वतःचे वजन घ्या, दुपारी आल्यावर पाणी पिण्याआधी पुन्हा घ्या. जेवढे किलो कमी, साधारण तेवढे लिटर पाणी अंगात भरायचे राहिले. घरच्याच काट्यावर करा. व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलात तर तो ओलाव्याची घट धरून आणखी कमी दाखवील.

काटा नसेल तर दुसरी खूण सोपी आहे. लघवी लिंबूपाण्यासारखी फिकट असेल तर पाणी पुरते आहे. करडईच्या तेलासारखी पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. कोऱ्या चहासारखी झाली, तर मात्र घरी न थांबता डॉक्टरकडे जायचे.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे. उन्हाळी लागली म्हणतात. थेंबथेंब होते, आग होते, आजी धने-जिऱ्याचे पाणी करून देते, दोन दिवसांत उतरते, आणि तिसऱ्या दिवशी माणूस तसाच शेतात. धने-जिऱ्याला आमचा विरोध नाही, त्यातला मोठा गुण पाण्याचा आहे. पण दर उन्हाळ्याला उन्हाळी लागते आणि ती लागायचीच असे आपण धरून चालतो, हे काही खरे नाही.

कारण पुढचा मुक्काम मुतखड्याचा असतो. पाणी कमी, लघवी घट्ट, खडा धरतो. ज्याला एकदा कळ आली आहे त्याला वर्णन सांगायला नको, भुईवर लोळलेला गडी गावात प्रत्येकाने पाहिला आहे. १९९६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच खडा झालेल्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काही सांगितले नाही. पाच वर्षे पाठपुरावा केला. पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या बारांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात सत्तावीसांना. औषध नाही, चीरफाड नाही, नुसते पाणी. खडा फोडायला किती खर्च येतो ते दवाखान्याच्या पायऱ्या चढलेल्यांनी शेजाऱ्याला सांगावे.

आणि खड्याच्याही पुढची गोष्ट आहे. आपल्यातलेच पुष्कळ भाऊ दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, म्हणून सांगतो. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरण्या माणसांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. साखरेचा आजार नाही, रक्तदाब नाही, वय तीस-चाळीस. हजारो माणसे गेली. त्याची सगळी कारणे अजून पक्की झालेली नाहीत, पण रोजच्या रोज उन्हात अंग तापणे आणि पाणी आटणे यावर सर्वांत मोठा संशय आहे. मग एल साल्वाडोरमध्ये एका ठिकाणी तोडणी कामगारांना पाठीवर घ्यायच्या पाण्याच्या पिशव्या दिल्या, हलवता येईल अशी सावली दिली, ठरावीक वेळाने बसवले. मुकादम म्हणाले असतील, आता तोड घटणार. घटली नाही, माणशी तोड वाढली. खरे तर त्यांना कोयताही सुधारून दिला होता, त्याचाही वाटा असेल. पण विसावा दिला, पाणी पाजले म्हणून काम बुडाले, असे तरी झाले नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसे दगावली. त्यांच्या हातात कुदळ नव्हती, ती नुसती बसली होती. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तेव्हा प्रशासनाने १४४ कलम लावले. सूर्यावर जमावबंदी बजावता येत नाही, म्हणून माणसांवर बजावली. शेतात पऱ्हाटी उपटणाऱ्याला मात्र कोणते कलम लावणार? त्याच्या पोटाचे कलम आधीच लागलेले असते.

घागर कुठे असते?

आता माणसे पाणी का पीत नाहीत ते पाहू. आळस म्हणाल तर कोरडवाहू माणसाला तो परवडत नाही. अडाणीपणा म्हणाल तर आम्ही मान्य करणार नाही. जो काही करत नाही त्याला त्याचे कारण असते, आणि कारण शोधल्याशिवाय उपदेश करणे हे सरकारी खात्याचे काम आहे.

पहिले कारण घागरीची जागा. घागर असते धुऱ्यावरच्या निंबाखाली. काम चालू असते शेताच्या दुसऱ्या टोकाला. निंदणाची पात धरलेली बाई मध्येच उठून दोनशे पावले जाणार, पिणार, परत येणार, तोवर शेजारणीची पात पुढे गेलेली असते. पात मागे पडली की बोलणे बसते. वेचणी किलोवर असेल तर बोलायलाही कोणी लागत नाही. दर खेपेला ओटीतला कापूस कमी भरतो, तो तिला दिसतो. म्हणजे पाणी फुकट नाही, घोटाला मजुरी कापली जाते. मग ती ठरवते की दुपारच्या भाकरीलाच पिऊ. हिशेबाला पक्की असल्यामुळे ती तहानलेली राहते.

दुसरे कारण मायबहिणींचे, आणि त्यावर पुरुष बोलत नाहीत म्हणून आम्ही बोलतो. प्यायले की जावे लागते. जायचे कुठे? तुरीच्या ओळी उभ्या आहेत तोवर आडोसा असतो. तूर सोंगली, ज्वारी काढली की रान उघडे. गावात घरोघर शौचालये झाली, शेतात एकही झाले नाही. म्हणून बाई पहाटे अंधारात जाऊन येते आणि दिवस मावळेपर्यंत ओठ ओले करण्यापुरते पिते. वर्षानुवर्षे असे काढल्यावर लघवीची जळजळ, ओटीपोटातले दुखणे, अंगावरचा ताप हे नेहमीचे होते, आणि नेहमीचे झाले की ते दुखणे म्हणून मोजलेच जात नाही. सभेत पुरुष डॉक्टर येऊन तिला भरपूर पाणी पी म्हणून सांगतो. ती मान डोलावते. तिला काय करायचे ते तिने आधीच ठरवलेले असते. चार बल्ल्या, जुन्या पोत्यांचा नाही तर शेडनेटचा तुकडा, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर, विहिरीपासून त्याहून दूर. अर्ध्या तासाचे काम आहे. मळणीच्या खळ्यासाठी आपण जागा सारवून घेतो, मग आडोशासाठी दोन हात जागा निघणार नाही काय?

तिसरे कारण बोलायला जड आहे. काही शेतांत अजून एका घागरीवर दोन पेले असतात. काही मजुरांना पेला नसतोच, वरून ओततात आणि त्यांनी ओंजळीने प्यायचे. ओंजळीने पाणी पिऊन पाहा. अर्धे कोपरावरून गळते, ओतणाऱ्याचा हात अवघडतो, तो पुरे का म्हणून विचारतो, पिणारा पुरे म्हणतो. असे कोणी पोटभर पीत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी घेतले, त्याला शंभर वर्षे होत आली. गाडगेबाबा तर अमरावती जिल्ह्यातले, आपल्याच मातीचे. त्यांनी सांगितलेल्या दहा कामांत भुकेल्याला अन्न हे पहिले आणि तहानलेल्याला पाणी हे दुसरे. त्यात कोणाच्या पेल्याने ते लिहिलेले नाही. संघटनेच्या बिल्ल्याखाली उभा राहून जो शेतात दोन पेले ठेवतो, त्याने बिल्ला काढून ठेवावा. यावर इथे चर्चा नको.

कोणी विचारील, हे सगळे कायद्याने का होत नाही? कारखान्यांसाठी झाले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात अठरावे कलम पिण्याच्या पाण्याचे होते. पाण्याची जागा सोयीची हवी, कामगाराला कळेल अशा भाषेत तिथे पाटी हवी, अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार हवे. कोरडवाहूच्या धुऱ्यावर तो कायदा कधी आला नाही. आणि खरे सांगायचे तर धुऱ्यावर इन्स्पेक्टर यावा असे आमचे म्हणणेही नाही. तो आला तर घागर मोजील, पाणी पाहील आणि चहा मागेल. शेतमालाचा उत्पादनखर्च काढतात त्या तक्त्यात बियाणे असते, खत असते, औषध असते, बैलजोडी असते, मजुरी असते. माणसाला पाणी पाजायचा खर्च कुठल्या ओळीत आहे ते आम्हाला अजून सापडलेले नाही. बाटलीबंद पाणी विकणारा मात्र पाण्याची किंमत बाटलीवर स्वतः छापतो. कापूस पिकवणाऱ्याने गाठोड्यावर किंमत छापून पाहावी.

किती, कसे, कोणते

शहरात सांगतात आठ पेले प्या. हा आठाचा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. १९४५ साली अमेरिकेच्या पोषण मंडळाने माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते असे लिहिले, आणि लगेच पुढे म्हटले की यातले बरेचसे जेवणातून मिळते. लोकांनी पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे सोडले. पंख्याखाली बसणाऱ्याला आठ पेले जास्तही होत असतील. आपल्याला तो आकडा लागू नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याचे आठ पेले दुपारपर्यंत संपतात.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेचा सल्ला असा आहे की उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला प्यावा. पण तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. सहा तासांच्या कामाला माणशी चार-साडेचार लिटर झाले. पाच माणसांच्या टोळीला वीस-बावीस लिटर. हे पाणी कोण वाहणार, हे आधी ठरवा. घरच्या बाईने डोक्यावर नेले तर तिची तहान आणखी वाढवून आपण इतरांची भागवली. मोटारसायकलवर दोन कॅन, नाहीतर बंडीत एक टाकी. ज्याचे शेत त्याचे हे काम.

एकदम ढोसायचे नाही. दिवसभर कोरडे राहून संध्याकाळी तीन लिटर घटाघटा पिणाऱ्याच्या रक्तातले मीठ पातळ होते, उलटी होते, भोवळ येते, फार झाले तर जीवावरही बेतते. घामाबरोबर मीठ जाते, ते परत यायला हवे. त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. भाकरीबरोबर चटणी आहे, लोणचे आहे, मीठ घातलेले ताक आहे. आणि ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरची आंबील. रात्री पीठ आंबवून सकाळी शिजवलेली, ताक-मीठ-जिरे घातलेली गार आंबील मडक्यात भरून शेतात जायची. ती गेली आणि तिच्या जागी चहाचा थर्मास आला. चहाने अंगातले पाणी सुकते असे काही जण सांगतात, ते तितकेसे खरे नाही, चहातही पाणीच असते. पण कप असतो शंभर मिलीचा, आणि तेवढ्याने प्यायल्याचे समाधान होते, हा त्याचा तोटा. आंबील लोटाभर जाते, पोटाला धरते. ज्वारीला भाव नाही म्हणून ज्वारी कमी झाली, ज्वारी कमी झाली म्हणून आंबील गेली. हा धागा भावाच्या ठरावापर्यंत जातो, तो ठराव सकाळी झालाच आहे.

उन्हातून आल्यावर पाणी बाधते, ही समजूत घरोघरी आहे. दम जिरवून बसून घोटघोट प्यावे एवढेच त्यातले घ्या. माठातले गार पाणी चालते. न पिण्याने जेवढे बाधते तेवढे पिण्याने बाधत नाही. मात्र ज्यांना हृदयाचा अशक्तपणा आहे, पायाला सूज आहे, मूत्रपिंडाचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरने बांधून दिलेल्या मापानेच प्यायचे. आमचे भाषण त्यांच्यासाठी नाही.

पाणी कोणते, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत फार मोठा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाण्यातून जातो. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, जास्त पिणे तर दूरच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढे सांधे आखडणे, पाठ वाकणे. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, त्यापुढे नाही. आता अशा बोअरचे पाणी आम्ही सांगतो म्हणून दुप्पट प्यालात तर फ्लोराइडही दुप्पट जाईल. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. दिसायला नितळ, चवीला गोड, म्हणून कोणाला संशय येत नाही. तेव्हा आधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो, ग्रामपंचायतीकडे मागणी करता येते. शेतातल्या बोअरचा नमुना वेगळा द्या. गावातल्या नळाचा अहवाल चांगला आला म्हणजे शेतातले पाणी चांगले असे होत नाही. आणि जंतूंसाठी मेडिक्लोरचे थेंब टाकायला विसरू नका.

फवारणीबद्दल दोन गोष्टी, कारण इथे चुकीला माफी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, पाठीवर पंप, अंगावर घाम. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध लवकर शिरते. फवारणाऱ्याला तहान लागते आणि हात मात्र औषधाचे. तसाच पेला तोंडाला लावला तर विष पोटात, आणि नाही लावला तर अंग तापते. म्हणून फवारणीला जाताना पाण्याचे दोन कॅन न्यायचे, एक धुवायचा, एक प्यायचा. प्यायचा कॅन वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला, झाकण लावून. पंप उतरवायचा, साबणाने हात-तोंड धुवायचे, मग प्यायचे. सकाळी लवकर फवारून उन्हाच्या आत मोकळे व्हायचे. औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही. तो मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, फेकायला जीव होत नाही, हे सगळे आम्हाला ठाऊक आहे. त्याला विळ्याने भोक पाडा, म्हणजे प्रश्न मिटला.

एखादा माणूस उन्हात बरळू लागला, अंग तापून भट्टी झाले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर ती तहान नव्हे, उष्माघात आहे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर ओली फडकी टाका, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते.

राहिली सवय. सवय निश्चयाने होत नाही, हे तंबाखू सोडणाऱ्यांना विचारा. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ माणसांवर अभ्यास झाला, तो २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक छोटी नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडायची, जसे जेवणाबरोबर पाणी. न आठवता ती आपोआप व्हायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त दिवस लागले. एखादा दिवस चुकला तरी काही बिघडले नाही. म्हणजे मृगाला सुरू केले तर श्रावणात अंगवळणी पडते. पण उन्हाळा समोर आहे, मृगाची वाट पाहू नका.

आपल्याकडे घड्याळ पाहून पंधरा मिनिटे कोणी मोजणार नाही. आपले घड्याळ पात आहे. निंदण असो, वेचणी असो, डवरणी असो, पात संपते, माणूस पाठ सरळ करतो, फडक्याने तोंड पुसतो. त्याच क्षणी पाणी हाताशी पाहिजे. म्हणून घागर निंबाखालून उचला आणि पातीच्या टोकाला ठेवा. कामाबरोबर ती रोज सरकली पाहिजे. ओल्या पोत्यात गुंडाळलेला कॅन चालेल, मडके चालेल, जुनी छागल अजून कोणाच्या माळ्यावर असेल तर उत्तमच. लांब पात असेल तर मध्यावर दुसरा कॅन. वेचणी किलोवर असेल तर वेचणाऱ्याने पाण्याकडे जायचे नाही, पाण्याने त्याच्याकडे जायचे. एका पोराकडे किंवा म्हाताऱ्याकडे ते काम द्या आणि त्याची मजुरी मालकाने धरायची. पात संपली की आधी एक पेला, मग दुसरी पात. पहिले आठ दिवस आठवण करावी लागेल. हवी तर शीळ घाला.

प्रत्येक थांब्याला दोन मिनिटे धरली तर दिवसाला अर्धा तास जातो. दुपारनंतर टोळीचा हात किती मंदावतो ते पाहिलेल्याला हा अर्धा तास कुठून भरून निघतो ते सांगावे लागणार नाही. ज्याला शंका आहे त्याने एक आठवडा घागर निंबाखाली ठेवावी, एक आठवडा पातीच्या टोकाला, आणि रोज किती पाती निघाल्या किंवा किती किलो वेचले ते वहीत लिहावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने निदान पाच शेतांच्या अशा वह्या आणाव्यात. पाण्याच्या तपासणीचे अहवाल आले असतील तर तेही आणावेत, म्हणजे कोणत्या गावांसाठी एकत्र मागणी करायची ते ठरवता येईल. आडोसा कुठे उभा राहिला याची माहिती महिला आघाडीने गोळा करायची आहे, ती पुरुषांकडून घेऊ नये. मंडपाच्या डाव्या हाताला तीन रांजण भरून ठेवले आहेत, पेले एकाच प्रकारचे आहेत. पुढचा वक्ता उभा राहण्याआधी दहा मिनिटे मोकळी आहेत.